खालून छत्तिसावी ओळ

नसीमबानो कुठलीही गोष्ट उघडायच्या आधी लिहून ठेवते. शिलाई मशीन असो, गॅसच्या शेगडीचा बर्नर असो की कॉम्प्युटर. आधी वही, मग हात. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आहे तिची. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडं ‘आधी’, उजवीकडं ‘नंतर’. घराला चुना द्यायचा होता तेव्हा फळीवरच्या बरण्या कोणत्या क्रमानं होत्या तेसुद्धा तिनं डावीकडं उतरवून ठेवलं होतं. शेजारची सबीहा त्यावरून अजून चिडवते, “बाजी, चाय में शक्कर डालने के पहले चाय कैसी थी, वो भी लिख के रखा करो!”

ही सवय तिला अब्बांकडून आली. अब्दुल सत्तार म्हणजे अकोल्याच्या आसपासच्या भजनी मंडळांचे पेटीवाले. वाजवणारे नव्हेत, दुरुस्त करणारे. गावोगावच्या पेट्या बैलगाडीतून, मग एसटीच्या टपावरून, आता ऑटोतून त्यांच्या ओट्यावर येतात. पेटी उघडली की आतल्या सुरांच्या पितळी पट्ट्या ते एकेक करून काढतात आणि एका लाकडी पाटीत मांडतात. पाटीला एकोणचाळीस खाचा आहेत. कोणती पट्टी कोणत्या खाचेतली हे ठरलेलं. मोजायचं ते खर्जाकडून, म्हणजे जाड्या, खालच्या आवाजाकडून. लहानपणी नसीमनं एकदा पाटीतल्या दोन पट्ट्या उचलून बांगड्यांसारख्या वाजवल्या होत्या. अब्बा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “बेटा, खोलनेवाले गली-गली मिलते. जैसा था वैसा लगानेवाला ढूँढना पडता.”

आता अब्बा अठ्ठ्याहत्तरचे. कान जवळजवळ गेलेले. तरी पेटी लावतात. हनुवटी पेटीच्या लाकडाला टेकवतात, डोळे मिटतात, आणि भाता हलवून सूर हाडातून ऐकतात. पाहणाऱ्याला वाटतं म्हातारा पेटीवर डोकं ठेवून झोपला.

नसीमबानो बावन्न वर्षांची. बी.कॉम. झालेली. लग्न होऊन बाळापूरला गेली आणि एकतिसाव्या वर्षी पांढरी ओढणी घेऊन माहेरी परतली. रडणं झालं, नवऱ्यामागची इद्दत, चार महिने दहा दिवस घरात बसण्याची, झाली, मग एक दिवस तिनं टायपिंगच्या क्लासला नाव घातलं. पुढं कॉम्प्युटर घेतला. आज तीन शाळांचे पेपर, लग्नाच्या पत्रिका, कोर्टाचे अर्ज, मराठी, उर्दू, हिंदी, जे येईल ते ती टाइप करते. शाळांचे पेपर असतात म्हणून कॉम्प्युटरला पासवर्ड आहे चौदा अक्षरांचा. अब्बांनाही तो माहीत नाही.

एप्रिलमधल्या शनिवारची गोष्ट. दुपारचे बारा वाजून गेले होते, कूलर घरघरत होता, आणि ओट्यावर देवमन मोहोड येऊन उभे राहिले. बोरगाव मंजूच्या भजनी मंडळाचे पेटीमास्तर. अब्बांचे चाळीस वर्षांचे गिऱ्हाईक. पण आज हातात पेटी नव्हती, धोतराच्या सोग्यात गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं. मागं त्यांची सून जमुना, दोन्ही हातांत बांगड्यांच्या खोक्यांच्या पिशव्या, कपाळावरून घाम निथळतोय.

“सत्तारभाई, रामराम!” देवमनजी ओरडले. अब्बांशी सगळे ओरडूनच बोलतात.

“बाजा किधर है?” अब्बांनी विचारलं.

“बाजा नाई आज. पोरीकडं काम हाय.”

नसीमनं दोघांना आत घेतलं, माठातलं पाणी दिलं. जमुनानं एका दमात दोन गिलास संपवले आणि पिशव्या मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. तिच्या मुलीची, आकांक्षाची, उद्या अमरावतीला हळद होती. परवा लग्न. लाखेच्या बांगड्या अकोल्यातूनच पाहिजेत असा पोरीचा हट्ट, आणि सासऱ्यांना बोरगावहून सोबत न्यायचं, म्हणून जमुना सकाळीच अमरावतीहून निघाली होती. आणि सासऱ्यांनी पेटीतून, म्हणजे लोखंडी ट्रंकेतून, ही सीडी काढून समोर धरली होती.

“तीन दुकानं फिरलो, नसीमबाई,” देवमनजी म्हणाले. “एक पोट्टं म्हणते, काका, सीडी आता कोन वापरते? दुसरं म्हणते, आमच्या कॉम्प्युटरले तोंडच नाई सीडी घालाले. घरचा सीडीचा डब्बा उंदरानं खाल्ला. मंग आठोलं, तुयाजवळ जुना कॉम्प्युटर हाय.”

“काय आहे सीडीत?”

“बुढी हाय,” जमुना मधेच बोलली. “माही सासू.”

मग ते सगळं हळूहळू निघालं. मोहोडांच्या घरी रीत आहे, हळदीचं पहिलं गाणं घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईनं म्हणायचं. ते गाणं त्या घराचंच आहे, दुसरीकडं कुठं म्हणत नाहीत. एरवीही कुणी म्हणत नाही. हळदीच्या दिवशीच म्हणायचं, नाहीतर ते शिळं होतं असं मानतात. आजवर ते सत्यवतीबाई म्हणायच्या, देवमनजींची बायको. गेल्या पौषात त्या गेल्या. आता घरातली सगळ्यांत मोठी बाई जमुना. आणि जमुनाला त्या गाण्याची एक ओळही येत नव्हती.

“पंचवीस वर्स झाले लग्नाले,” जमुना म्हणाली, “तेवढ्यात घरात दोन हयदी झाल्या. दोनी वक्ताले मी मागं सैपाकात. पन्नास मानसाच्या पोळ्या कोन करीन? गाणं आयकू का पोळ्या पाहू?”

“तिनं शिकवलं नाही तुमाले?”

“कोन, बुढीनं? नावानं हाक नाई मारली कधी. ‘ओ घाटवाली’ म्हणायची. माहेर शेंदूरजनाघाटचं ना माहं. मरेपरेंत घाटवालीच.” तिनं बांगड्यांची पिशवी उगाच सरळ केली. “आता उद्या पाटावर पोरगी बसन, साऱ्या बाया माह्या तोंडाकडं पाहतीन, अन् मी काय म्हणू?”

गजेंद्रच्या, म्हणजे देवमनजींच्या मुलाच्या, जमुनाच्या नवऱ्याच्या हळदीत सत्यवतीबाईंनी म्हटलेलं गाणं व्हिडिओ कॅसेटमध्ये आलं होतं. पुढं एका स्टुडिओवाल्यानं कॅसेटची ही सीडी करून दिली. स्टुडिओ बंद झाला, कॅसेटची पट्टी बुरशीनं गेली. राहिली ही एक, कधी न लावलेली; हळदीशिवाय ते गाणं घरात वाजवतही नसत. अमरावतीची बस साडेपाचची.

नसीमनं सीडी ओढणीच्या टोकानं पुसली आणि ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह गुरगुरला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र काहीच आलं नाही. ड्राइव्हचं चित्रच नव्हतं, जणू ते यंत्र घरात नाहीच.

ती घाबरली नाही. कारण असं आधी एकदा झालं होतं, सात वर्षांपूर्वी. तेव्हा तिचा पुतण्या वकार यानं पुण्याहून फोनवर पायरी-पायरीनं सांगून दुरुस्ती करवून घेतली होती. सीडी भरण्याचा एखादा जुना प्रोग्राम काढून टाकला की कधीकधी तो जाताना दारात दोन पहारेकरी विसरून जातो, आणि ते पहारेकरी ड्राइव्हला पुढं येऊ देत नाहीत, असं वकारनं समजावलं होतं. हे पहारेकरी बसतात रजिस्ट्रीत. रजिस्ट्री म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली मोठी नोंदवही. कोणतं यंत्र कसं चालवायचं, कोणता प्रोग्राम कुणाच्या आधी उठायचा, सगळं तिच्यात. तिथं चुकीचं काही खोडलं तर कॉम्प्युटर विचारत बसत नाही, मुकाट्यानं तसं वागू लागतो. म्हणून तिथं हात घालण्याआधी त्या भागाची नक्कल काढून वेगळी ठेवायची, आणि शक्य असेल तर सबंध कॉम्प्युटरचीच आजची स्थिती राखून ठेवायची. हे वकारनं सांगायची गरज पडली नव्हती. अब्बांच्या पाटीत ती वाढली होती.

निळी वही काढली. सात वर्षांपूर्वीचं पान सापडलं. डावीकडं तिच्याच अक्षरात: ‘खालून छत्तिसावी ओळ. उजवीकडं दोन नोंदी. दोन्ही काढायच्या. बंद करून चालू.’

“लिहून हाय तुयाजवळ?” देवमनजींचा चेहरा उजळला. “पाह्य जमुना, याले म्हंतेत बापाची लेक.”

नसीमनं रजिस्ट्री उघडली. शेकडो ओळी, प्रत्येकीचं नाव म्हणजे आकडे आणि अक्षरांची लांबच लांब माळ, एकीसारखी दुसरी. ती खालून मोजू लागली, बोट पडद्यावर. जमुनाच्या पिशवीत फोन वाजला. आकांक्षा. “मम्मी, मेंदीवाली आली, तू कुठं आहेस?” “अवो बाई, सीडीजवळ!” सबंध स्थिती राखून ठेवायला कॉम्प्युटर पंधरा-वीस मिनिटं घेतो. नसीमनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, दीड. आजच्या दिवस राहू द्यावं, तिला वाटलं. पण त्या एका ओळीची नक्कल मात्र तिनं काढली. हात आपोआप गेला तिकडं. नक्कल समोरच्या पडद्यावर ठेवली, नाव दिलं ‘आधीचं’.

छत्तिसावी ओळ. उजवीकडं दोन नोंदी असायला हव्या होत्या. एकच दिसली.

इथं ती क्षणभर थबकली. हे तिला नंतर फार वेळा आठवलं, की आपण थबकलो होतो. पण मागून देवमनजी म्हणाले, “झालं काय वो?” आणि तिनं स्वतःशी म्हटलं, या वेळी एकच पहारेकरी राहिला असेल. नोंद खोडली. कॉम्प्युटर बंद केला. चालू केला.

पासवर्डची चौकट आली. नसीमनं पहिलं अक्षर दाबलं. काही उमटलं नाही. दुसरं दाबलं. नाही. सगळी बटणं एकदम दाबली. कीबोर्डवरचा लहानसा हिरवा दिवासुद्धा लागेना.

तिनं वायर काढून दुसऱ्या भोकात घातली. नाही. सबीहाकडून तिच्या मुलाचा कीबोर्ड मागून आणला. तोही मुका.

आणि मग काय झालं ते तिला कळलं. गेल्या वर्षी वकार ईदला आला तेव्हा त्यानं नवीन विंडोज टाकून दिलं होतं. नव्या विंडोजसोबत त्या यादीत नव्या ओळी आल्या होत्या. पेटीला एकोणचाळीस सूर म्हणजे एकोणचाळीस. आजचा सातवा सूर उद्याही सातवाच. कॉम्प्युटरची यादी तशी नाही, ती वाढते. खाली सहा ओळी वाढल्या आणि खालून छत्तिसावी आता सीडीची राहिली नव्हती, कीबोर्डची झाली होती. आणि तिथली ती एक नोंद पहारेकरी नव्हती. तीच तर दार उघडत होती.

पासवर्ड टाकायला कीबोर्ड पाहिजे. कीबोर्ड चालवायला ती नोंद परत लावायला पाहिजे. नोंद लावायला पासवर्ड टाकून आत जायला पाहिजे.

“काय झालं?” जमुनानं विचारलं.

लपवून काय होणार होतं? “माझ्या हातून चूक झाली, जमुनाताई,” नसीम म्हणाली. “दुसरीच ओळ खोडली मी. आता कॉम्प्युटर मले आतच घेत नाही.”

देवमनजींनी ड्राइव्हच्या तोंडाकडं पाहिलं. सीडी आत होती.

जमुना म्हणाली, “म्हणलं होतं ना मामाजी, बुढी जातानी गाणं संगच घेऊन गेली. कायले फिरून राहिलो आपण उन्हात? मी उद्या सिनेमाचं गाणं म्हणतो झालं.”

“सूनबाई,” देवमनजी हळूच म्हणाले, “चूप राह्य थोडी.”

परीक्षेचे तीन पेपर आत होते, त्याचं नसीमला त्या घडीला काहीच वाटलं नाही. तिला दिसत होती ती उद्या पाटाजवळ उभी असलेली ही बाई, आणि तिच्या तोंडाकडं पाहणाऱ्या बाया.

अब्बा ओट्यावरून उठून आत आले होते. लोकांचे चेहरे पाहून त्यांना कळलं की काहीतरी मोडलंय. नसीमनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नव्हतं, पण मेलेल्या पेट्या त्यांच्या ओट्यावर रोज यायच्या.

“जो नहीं बज रहा, उसको छोड,” ते म्हणाले. “क्या बज रहा, वो बता.”

ते प्रत्येक पेटीला हेच विचारायचे. नसीम खुर्चीत सावरून बसली आणि मोजू लागली. पडदा चालू आहे. कूलर चालू म्हणजे लाइट आहे. माउस? तिनं माउस हलवला. पडद्यावरचा बाण हलला. माउस चालू आहे.

“माउस चालू आहे, अब्बा.”

“तो उससे पूछ.”

तिनं बाण पडद्याच्या कोपऱ्यांतून फिरवला. उजव्या खालच्या कोपऱ्यात एक इवलंसं माणसाचं चित्र होतं, हात पसरलेलं. इतकी वर्षं रोज ते डोळ्यांखालून जायचं आणि तिनं कधी त्याला दाबलं नव्हतं. दाबलं. ज्यांना दिसत नाही, ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांच्यासाठीच्या सोयींची यादी उघडली. त्यात एक ओळ होती: पडद्यावरचा कीबोर्ड.

नसीमनं ती दाबली आणि पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात सबंध कीबोर्डच उमटला, चित्रातला.

“या खुदा!”

“काय, काय?” देवमनजी खुर्चीवरून अर्धे उठले.

“थांबा, काका. बोलू नका.” ती माउसनं एकेक अक्षरावर जाऊन दाबत होती. चौदा अक्षरं. जमुना पडद्यावर नजर लावून होती. मग एकाएकी लक्षात येऊन तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. दुसऱ्याचा पासवर्ड पाहू नये एवढं तिलाही कळत होतं. “मामाजी, तुमी बी तिकडं पाहा.” देवमनजींनीही मान फिरवली. अब्बांनी त्यांचं पाहून तसंच केलं. तीन माणसं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून उभी, आणि नसीम एकेक अक्षर टिपतेय.

दार उघडलं.

समोरच होती ती नक्कल. ‘आधीचं’. तिनं ती दोनदा दाबली. कॉम्प्युटरनं विचारलं, खरंच परत लावायचं का? तिनं होकार दिला. बंद केला. चालू केला. कीबोर्डवरचा हिरवा दिवा लागला.

तो एवढासा दिवा पाहून नसीमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायलाही लागली. जमुना दिव्याकडं पाहत म्हणाली, “बापा! माही तं निम्मी जान गेलती.”

“चहा करू?” नसीम म्हणाली.

“आधी बुढी,” जमुना म्हणाली, “मंग चहा.”

या वेळी नसीमनं काहीच मोजलं नाही. घड्याळाकडंही पाहिलं नाही. आधी सबंध कॉम्प्युटरची आजची स्थिती राखून ठेवली. अठरा मिनिटं लागली. त्या अठरा मिनिटांत चहा झालाच, आणि जमुनानं सगळ्या बांगड्या एकदा काढून दाखवल्या. मग रजिस्ट्री उघडली आणि ओळ न मोजता एकेका ओळीवर जाऊन उजवीकडं पाहिलं. तिथं साध्या इंग्रजीत लिहिलेलंच असतं, ही ओळ कुणाची. सात वर्षांपूर्वीही लिहिलेलं असणार. तिनंच पाहिलं नव्हतं, मोजणं सोपं वाटलं होतं म्हणून. कीबोर्डच्या सहा ओळी वर सीडीची ओळ सापडली. तिथं दोन नोंदी होत्या. दोन्ही पहारेकरी. नक्कल काढली, नावाच्या पुढं तारीख घातली, नक्कल पेन ड्राइव्हमध्येही टाकली. मग दोन्ही नोंदी काढल्या.

चालू केल्यावर ड्राइव्हचं चित्र आलं. सीडी फिरू लागली.

आधी नुसत्या रेघा आणि खरखर. मग पिवळसर रंगाचा मांडव, केळीची पानं, पाटावर काटकीसारखा गजेंद्र, बनियनवर. देवमनजी पेटीपाशी, मिशा काळ्याभोर.

“हे तुमी?” जमुना म्हणाली. “बाप्पा!”

आणि मग सत्यवतीबाई दिसल्या. ठेंगण्या, हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ. गळा साफ करून त्यांनी सुरुवात केली आणि लगेच थांबल्या. पेटीकडं वळून म्हणाल्या, “अवो! पेटी खाली लावा ना. माहा आवाज काय बकरीचा हाय?”

मांडवातल्या बाया हसल्या. खोलीतही सगळे हसले. अब्बांनी विचारलं, “क्या बोली?” नसीमनं त्यांच्या कानात सांगितलं. अब्बा जोरात मान हलवू लागले. “बराबर बोली. उस साल बाजा चढा हुआ था. मेरे पास लाए नहीं थे.”

देवमनजी हसत होते आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

पडद्यावर सत्यवतीबाई पुन्हा सुरू झाल्या. आवाज जाड, खालचा, पिठाच्या जात्यासारखा:

पहिली हयद लागे, गनपती देवाले
दुसरी हयद लागे, अंगनी तुयशीले
तिसरी हयद लागे, पाटी गजेंद्राले
चौथी वाटीत राखली, संतऱ्याच्या गावाले
जपून न्या वो पोराहो, माह्या जमुनाले

जमुना पुढं झुकलेली होती, ती तशीच राहिली. “परत लाव बरं,” ती म्हणाली. नसीमनं परत लावलं. माह्या जमुनाले. नवऱ्या मुलाला लागलेली हळद वाटीत ठेवून नवरीकडं पाठवतात. त्या दिवशी संध्याकाळी संत्र्यांच्या गावाला, शेंदूरजनाघाटला, ती वाटी आली होती, वरून केळीचं पान झाकलेलं, दोऱ्यानं बांधलेलं. जमुनाला ते पान आठवत होतं. ती वाटी गाण्यात बसून निघाली होती, हे तिला आज कळत होतं.

मग ती म्हणाली, “म्हंजे नाव ठाऊक होतं म्हणा की बुढीले.”

“ठाऊक होतं,” देवमनजी म्हणाले. “मले बी सांगे घरात. जमुनेले बोलावा, जमुनेनं खाल्लं काय. तुयापुढं तिले लाज वाटे.”

“पंचवीस वर्स लाज!” जमुनानं पदरानं नाक पुसलं. “असी कोनती लाज असते वो?”

पण गाणं शिकायचं होतं आणि साडेतीन वाजले होते. हळदीच्या आदल्या दिवशी म्हटलं तर ते शिळं होईल का, असं जमुनानं विचारलं. “गाऊन नाई राहिलो आपण,” देवमनजी म्हणाले. “हे शिकनं हाय. शिकलेलं शिळं होत नाई.”

अब्बांनी ओट्यावरून एक दुरुस्त झालेली पेटी आत आणली. देवमनजींच्या हाती न देता स्वतःच्याच मांडीशी घेतली. हनुवटी लाकडाला टेकवली, डोळे मिटले, आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरवर डावा तळहात ठेवला. नसीमनं गाणं पुन्हा लावलं, देवमनजींनी भाता हलवला. अब्बांचा उजवा हात पट्ट्यांवर फिरत फिरत एका जागी थांबला. “ये. ये सुर है इसका.”

जमुनानं सुरुवात केली. पहिल्या वेळी आवाज फाटला, दुसऱ्या वेळी शब्द चुकले, तिसऱ्या वेळी गजेंद्राच्या जागी आकांक्षा आणि जमुनाच्या जागी जावयाचं, प्रीतमचं, नाव बसवताना ओळ अडखळली. नवरीची हळद जावयाकडं जाते का, असा वाद निघाला. जात नाही, तिकडून इकडं येते. मग देवमनजींनी चौथी ओळ उलटी फिरवली. सबीहा आवाज ऐकून दारात येऊन उभी राहिली ती घरचं काम विसरली. पाचव्यांदा म्हटलं तेव्हा कुठं अडलं नाही.

नसीमनं गाणं दोन पेन ड्राइव्हमध्ये आणि जमुनाच्या फोनमध्ये घालून दिलं. एक पेन ड्राइव्ह स्वतःजवळ ठेवला. “हा कशाले?” देवमनजींनी विचारलं.

“अब्बांची पाटी,” ती म्हणाली.

पाच वाजता सासरा-सून निघाले. जमुनानं जाताना बांगड्यांच्या खोक्यांतली एक जोडी नसीमच्या हातात ठेवली. नसीम नको-नको म्हणाली. “ठेव वो. तू ओळ चुकली नसतीस तं मी गाणं नुसतं आयकून परत गेली असती. गाणं गेलं वाटलं तवा त्याची किंमत कयली, नाईतं दीड तास बसून शिकली नसती.” मग ओट्यावरून वळून म्हणाली, “पण उद्याले कोनाचं काम करसीन तं मोजू नको, बरं. नाव पाह्य.”

रात्रीचा स्वयंपाक झाल्यावर नसीमनं वही उघडली. सात वर्षांपूर्वीचं पान काढलं. ‘खालून छत्तिसावी ओळ’ यावर आडवी रेघ मारली, पण खाली वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: ‘मोजायचं नाही. उजवीकडचं नाव वाचायचं. दोन सांगितल्या आणि एकच दिसली, तर थांबायचं. थबकलीस तर थबकूनच राहायचं.’ शेवटचं वाक्य कॉम्प्युटरबद्दल होतं की नाही, तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला फोन आला. जमुनाचा नंबर, पण बोललं कुणीच नाही. फोन कुठंतरी ठेवून दिला असावा; भांड्यांचा आवाज, बायकांचा कलकलाट, कुणीतरी “पाट कुठं गेला?” म्हणतंय. मग पेटीचा भाता. अब्बांना ऐकू जावं म्हणून नसीमनं फोन त्यांच्या कानामागच्या हाडाला लावून धरला आणि स्वतः कान जवळ नेला.

देवमनजींनी सूर धरला. थोडा वरचा.

आणि अमरावतीच्या त्या मांडवातून जमुनाचा आवाज आला, मोठा, बिनधास्त, घाटवालीचा:

“अवो मामाजी! पेटी खाली लावा ना. माहा आवाज काय बकरीचा हाय?”